वाढव

वाळलेलं गवत प्रेसमध्ये दाबून त्याच्या गासड्या बांधतात, तेव्हा गवतातून एक लांब उसासा निघतो. पालघर स्टेशनच्या मागच्या बाजूला तो दिवसभर ऐकू येतो.

*

कॉलर झिजली म्हणून शर्ट टाकायचा नसतो. कॉलर उसवून काढायची, पालथी करायची, झिजलेली बाजू खाली, कोरी बाजू वर, आणि पुन्हा बसवायची. शर्ट आणखी वर्षभर सहज जातो.

*

"पत्थर से बिजली बनायेंगे," बोईसरला चहाच्या टपरीवर एक ट्रकवाला सांगत होता. "कोयला नहीं. पत्थर."

तारापूरची एक म्हातारी सुक्या बोंबलांची पाटी खाली उतरवत म्हणाली, "म्हणजे आता दगड पण महाग होनार."

*

बांगडी फुटली असं म्हणत नाहीत. वाढली म्हणतात.

*

प्रार्थना-शिबिराला येताना ताट, वाटी, अंथरूण आणि हातकाम सोबत आणावे. बोलणे घरी ठेवून यावे. (मिशनच्या देवळाच्या दाराशी टांगलेल्या फळ्यावर, खडूने.)

*

डहाणूच्या किनाऱ्याला लागला तो गलबताचा तांडेल. केळव्याला लागला तो त्याचा पुतण्या. गासड्या मात्र माहीमपासून सातपाटीपर्यंत कितीतरी दिवस येत राहिल्या. पाण्याने फुगलेल्या. गाई त्यांना तोंड लावत नव्हत्या.

*

हे सगळं हंसाचं आहे. मी नीट लावून सांगायचा प्रयत्न करतो, पण ते नीट लागेलच असं नाही.

हंसाचा नवरा दामू मासवणकडचा. गवत कापायचा, गासड्या बांधायचा. बाप्तिस्मा घेऊन तारापूरजवळ मिशनच्या वस्तीत आला आणि हंसाशी लग्न करून तिथेच राहिला. दिवाळीनंतर गवताचं एक गलबत मुंबईला निघालं होतं. माल उतरवायला माणूस कमी होता, दामू चढला. गलबत मुंबईला पोचलं नाही. गलबतावरची बाकीची माणसं कुठे ना कुठे सापडली, त्यांच्या घरच्यांनी त्यांना अग्नी दिला, तेरावं झालं. दामू सापडला नाही.

तेव्हापासून हंसा काय आहे, हे कोणालाच सांगता येईना.

पाळकसाहेब रविवारच्या प्रार्थनेत आधी म्हणायचे, "प्रवासात असलेला आमचा भाऊ दामू." मग नुसतं "आमचा भाऊ दामू" म्हणू लागले. मग तेही बंद झालं. कोणी घोषणा केली नाही, नाव आपोआप गळालं. ज्या रविवारी ते पहिल्यांदा आलं नाही, त्या रविवारी सगळ्या देवळाने माना वळवून हंसाकडे पाहिलं, आणि हंसाने आपल्या हातातल्या हिरव्या बांगड्यांवर पदर ओढला.

वस्तीत शालूचं लग्न ठरलं होतं. चुडा भरायला बायका बोलवायच्या. हंसाला बोलवायचं का? शालूची आई चारचौघींना विचारून थकली. ज्या म्हणाल्या बोलव, त्या थोडं थांबून म्हणाल्या, पण बघ.

शेवटी पाळकसाहेब घरी आले. ओट्यावर बसले. पाणी प्यायले.

"हंसा, आपण दामूसाठी स्मरणाची उपासना घेऊ या. येत्या रविवारी. तू हो म्हणालीस तरच."

"आनि तो आला तर?"

"तर पुढच्या रविवारी आनंदाची घेऊ."

ते हसले नाहीत. खरंच तसं म्हणत होते. मग म्हणाले, "आमच्या घरून इंदुबाई शिबिराला जाताहेत. तूही जा त्यांच्याबरोबर. तिथे कोणी तुला काही विचारणार नाही, बोलायची बंदीच आहे. तू देवाला विचार. रविवारी सकाळी मला हो की नाही ते सांग."

म्हणून हंसा शिबिराला गेली. तिला विचारायचं होतं ते एका वाक्यात मावत होतं: आहे, का नाही?

*

पालघरहून माहीमच्या रस्त्याला मिशनचा बंगला होता. मागे पानवेलींचा मळा, पुढे मोठा व्हरांडा. शिबिर घेणाऱ्या हिवाळेबाई नगरहून आल्या होत्या. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. पांढरी साडी, बारीक आवाज, आणि बोलताना समोरच्याचा हात हातात घ्यायची सवय.

"हात रिकामे असले की मन गावभर हिंडतं," त्या म्हणाल्या. "म्हणून हातांना आवडीचं काम द्यायचं आणि मनाला एकच शब्द. आपण प्रार्थना करायची नाही. प्रार्थना आपल्यात होऊ द्यायची."

"म्हणजे तीन दिस गप?" बायडीने विचारलं. बायडी हंसाची शेजारीण, वस्तीतली सगळ्यांत मोठी बाई. "मिस, मी माज्या नवऱ्याच्या मयताला पन एवडी गप नवते."

"काकी, तो तुज्या बोलन्यानंच गेला," शालू म्हणाली.

"तुजा यायचाय अजून. बगू किती टिकतो तो."

सगळ्या हसल्या. हंसाही हसली. ती हसली तशा बाकीच्या एकदम थांबल्या, आणि हंसा थोडा वेळ एकटीच हसत राहिली. मग तिलाही ते ऐकू आलं.

पिशव्यांतून हातकाम निघालं. शालूने उशीचा अभ्रा काढला, त्यावर दोन पोपट भरायचे होते, एका पोपटाला अजून चोच नव्हती. पाळकसाहेबांच्या बायकोने, इंदुबाईंनी, वेदीच्या कापडाची क्रोशाची लेस काढली. डोंगराकडच्या बायकांनी शिंदीच्या पात्यांच्या चटया आणल्या होत्या. बायडीने गोधडी अंथरली, अर्धीमुर्धी, कडेकडेने ठिगळं लावत आत आत आलेली. मधला चौकोन अजून मोकळा.

हंसाने दामूचा शर्ट काढला. निळ्या रेघांचा. कॉलर झिजून दोरे लोंबत होते. दामू परत आला तर घालायला काहीतरी धड हवं, एवढाच तिचा विचार. कॉलर उलटवायची.

*

इथे एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

त्या वस्तीत माणूस गेला की त्याचा एक चांगला सदरा ठेवून देतात आणि कधीतरी गोधडीच्या मधोमध लावतात. ती गोधडी घरातलं सगळ्यांत लहान पोर पांघरतं. पण सदरा कापला असं तोंडाने म्हणायचं नाही. सदरा वाढवला म्हणायचं. "बाबाचा सदरा वाढवला का?" "आवंदा वाढवू." बांगडीचं जसं, तसंच हे.

बांगडीचं हिवाळेबाईंना माहीत होतं, ते कोणाला माहीत नसतं? सदऱ्याचं माहीत नव्हतं. नगरला तसं नाही.

त्यांनी बंगल्यातल्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: प्रभू, माझा विश्वास वाढव.

"पण एवढं लांब म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या. "फक्त शेवटचा शब्द. सुई खाली गेली की एकदा. एक टाका, एक शब्द." आणि बाकीचे शब्द पुसून टाकले. फळ्यावर उरलं:

वाढव

वस्तीतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शालूने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात इंदुबाईंनी घंटा वाजवली. मौन सुरू झालं होतं. शालूने तोंड मिटलं.

*

वाढव. कॉलरचा पहिला टाका निघाला.

वाढव. दोरा जुना आहे, हात लावला की तुटतो.

वाढव. नको. दुसरा शब्द घ्यावा.

दुसरा शब्द येत नाही. फळ्यावर तोच आहे.

वाढव. दामूच्या मानेचा मळ कॉलरच्या आतल्या बाजूला अजून आहे, पिवळट. धुवून गेला नाही.

वाढव. प्रभू, मी वाढव म्हणते ते विश्वासाचं म्हणते. तुला कळतं ना? तू माणसाच्या बोलीवर जाणार नाहीस ना?

वाढव.

आहे?

वाढव.

का नाही?

*

हिवाळेबाईंनी सांगितलं होतं की उत्तर आवाजात येत नाही. मन शांत झालं की ते तळाशी पडलेलं दिसतं, विहिरीत पडलेली घागर दिसते तसं. हंसा तळाशी बघत होती. तिला पाणी दिसत होतं. पाण्याकडे ती फार वेळ बघू शकत नव्हती.

व्हरांड्यात डोंगराकडच्या बायकांची पाती सळसळायची. मळ्यातून ओल्या मातीचा वास यायचा. जेवताना ताटं वाजायची, त्यानेसुद्धा सगळ्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. खुणांची एक भाषा आपोआप तयार झाली होती. मीठ हवं असलं की बोट जिभेला. दोरा हवा असला की चिमूट. शालू खुणांतही जास्तच बोलायची, आणि हिवाळेबाई तिच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवायच्या.

बंगल्यात बायका गप होत्या आणि देव गप होता. बायकांचं मौन शनिवारी सुटणार होतं.

*

कॉलर निघाली. हंसाने ती मांडीवर सपाट केली. उलटवून बघितली. आतली बाजू कोरी होती, रेघा अजून गडद निळ्या. एवढा निळा शर्ट होता हे ती विसरली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून तिने डोळे मिटले, आणि डोळे मिटलेच आहेत तर प्रार्थना करावी म्हणून ओठ हलवले.

वाढव. वाढव. वाढव.

समोर बायडी बसली होती.

बायडीने काय पाहिलं? हंसा दामूचा शर्ट उसवत होती. गळा काढून झाला होता. डोळे मिटलेले, गालांवर पाणी, आणि ओठ बायडीच्या दिशेने पुन्हा पुन्हा तेच सांगत होते. आवाज नव्हता. पण हा शब्द ओळखायला बायडीला आवाज लागत नव्हता. तिने आयुष्यात तो किती घरांत ऐकला होता, आणि दर वेळी रडणाऱ्या बाईच्याच तोंडून. रडणाऱ्या बाईला ते स्वतःच्या हाताने जमत नाही. ते शेजारणीने करायचं असतं.

बायडीने विचारलं असतं. विचारायची बंदी होती.

ती पुढे सरकली. हंसाच्या मांडीवरून शर्ट हळूच उचलला. हंसाला वाटलं वारा आहे. मग कातरीचा आवाज आला, लांब, सरळ, शिवणाच्या खोलीत असतो तसा. हंसाला वाटलं कोणाचं तरी कापड.

तिने डोळे उघडले तेव्हा शर्टची पाठ गोधडीच्या मधल्या चौकोनावर ठेवलेली होती. बरोबर बसली होती. बायडी तिच्याकडे बघून मान हलवत होती, झालं पोरी, झालं, अशी. बायडीसुद्धा रडत होती.

*

"नाय."

मौन मोडलं ते या शब्दाने.

"नाय, नाय, नाय. काकी, काय केलंस?"

"तूच बोललीस ना?"

"मी कवा बोलली?"

"वाढव, वाढव म्हनून! माज्याकडं तोंड करून. मी काय भैरी हाय का आंधली?"

"मी परार्थना करत होती!"

बायडीच्या हातात कातर तशीच होती. ती खाली ठेवायचं तिला सुचेना. "गला उसवत होतीस," ती म्हणाली, आता हळू. "मी म्हनलं, पोरीनं मन घट केलं. एकलीला होत नाय, तर आपुन करू."

"कालर उलटत होती, काकी. तो आल्यावर घालायला."

बायडीची नजर कॉलरकडे गेली. शालूने अभ्रा तोंडाला लावला होता.

हिवाळेबाई आतून आल्या. कोणीतरी त्यांना समजावून सांगितलं, सदऱ्याचं, शब्दाचं. त्या ऐकताना फळ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी पुढे होऊन फळा पुसला, पदरानेच. मग हंसाजवळ जमिनीवर बसल्या आणि तिचा हात हातात घेतला.

"माझ्या लक्षातच आलं नाही," त्या म्हणाल्या. "मला माफ कर." आणि तिथेच थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांना हंसाला काहीतरी द्यायचं होतं, रिकाम्या हाताने उठवत नव्हतं. "हंसा, तू उत्तर मागत होतीस ना? कधी कधी देव माणसाच्या चुकीतूनसुद्धा—"

"मिस, बोलू नका. गप राहायला तुमीच सांगितलंय."

"मी फक्त एवढंच म्हणते की—"

"एवडा मोटा दर्या त्याच्याजवल हाय," हंसा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "दर्यातून एक चप्पल जरी काडून दिली असती तरी मी मानलं असतं. ते नाय. आनि माज्याशी बोलायला त्याला बायडीकाकीची कातर सापडली?"

हिवाळेबाईंनी तिचा हात सोडला नाही, पण पकड सैल झाली.

"तसं असंल," हंसा म्हणाली, "तर मला त्याच्याशी नाय बोलायचं. आनि तसं नसंल तर मग नुसता शर्ट गेला. तुमी सांगा कुटलं."

इंदुबाई तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "हंसा, मग रविवारचं साहेबांना मी काही सांगू का?"

"मीच सांगीन."

इंदुबाईंना दुसरं काही सुचलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा घंटा वाजवली.

*

हंसाने शर्टचे तुकडे गोळा केले. बायडीने पाठीचा तुकडा गोधडीवरून स्वतः उचलून दिला, दोन्ही हातांनी, ताट द्यावं तसा.

तिने शर्ट पुन्हा शिवायला घेतला.

शालू तिच्याजवळ सरकून बसली आणि सुया ओवून देऊ लागली. एक संपली की दुसरी पुढे करायची. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शालूच्या पोपटाला चोच आली नाही.

प्रार्थनेचा तास होता, म्हणून हंसाने प्रार्थना करून बघितली. एक टाका, एक शब्द. टाका होता. शब्द नव्हता. तिने "ये" घेऊन बघितला, तो कोणाला म्हणायचा हे तिला कळेना, दामूला की देवाला. "दे" घेतला, तो भीक मागितल्यासारखा वाटला. मग तिने शब्द सोडून दिला. सुई खाली जायची, वर यायची. आत काही होत नव्हतं. ती काही होऊ देत नव्हती असंही नाही. ती वाट बघत होती. ज्याची वाट बघायची तो आता एक नव्हता, दोन होते, आणि दोघांनीही निरोप धाडला नव्हता.

ज्याने कधी शिवलेलं आहे त्याला माहीत असतं: कापलेलं कापड पुन्हा जोडलं की प्रत्येक शिवण थोडं कापड खाते. बोटभर इकडून, बोटभर तिकडून. बायडीने पाठ काढताना खांदे कापले होते, बगला कापल्या होत्या. हंसा काळजीपूर्वक, बारीक टाक्यांनी जोडत गेली. रेघेला रेघ जुळवली. हिवाळेबाई येऊन मागे उभ्या राहिल्या. शिवण शिकवणारी बाई, त्यांना आधीच दिसलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. ते त्यांचं शिबिरातलं खरं मौन.

शर्ट पुरा झाला. हंसा व्हरांड्यात आली आणि तिने तो खांद्यांना धरून उजेडात उभा केला.

आखूड होता. अरुंद होता. कुठल्यातरी किरकोळ माणसाचा शर्ट होता. कॉलरला कातर लागली नव्हती, ती तेवढी पूर्वीच्याच मापाची, कोरी बाजू वर, गडद निळी. त्या लहान गळ्यावर ती बसेना. एका बाजूने फुगून वर आली होती.

हंसाने तो घडी घातला. घडी मात्र नीट पडली.

*

शनिवारी मौन सुटलं. तेव्हा सगळ्या बायका एकदम बोलतील असं हिवाळेबाईंना वाटलं होतं, दर शिबिरात तसंच होतं, त्यावर त्या एक विनोदही करत असत. कोणी बोललं नाही. ताटं बांधली, अंथरुणं बांधली. पालघर स्टेशनवर बायडीने हंसाची पिशवी उचलायला हात पुढे केला, हंसाने पिशवी दिली. एवढंच.

बोईसरला उतरल्यावर ट्रकच्या मागच्या धुळीत बायडी म्हणाली, "पोरी, मला बोल. शिव्या तरी दे."

"काय देऊ, काकी. तू बरोबर केलंस. आपल्याकडं तसंच करतात."

"मंग तुजं चुकलं?"

"माजं पन नाय."

"मंग?"

हंसाने पदराने तोंडावरची धूळ पुसली.

*

रविवारी सकाळी पाळकसाहेब आणि इंदुबाई देवळाच्या पायरीवर उभे होते. हंसा आली.

"घ्या उपासना," हंसा म्हणाली.

"तुला उत्तर मिळालं?"

"नाय."

"मग असं कर, आपण आणखी थोडं थांबू. घाई नाही."

"थांबून काय करू, साहेब? तो आला तरी त्याला बसनार नाय ते आता."

काय बसणार नाही, हे पाळकसाहेबांना कळलं नाही. इंदुबाईंना कळलं. त्या आत निघून गेल्या.

उपासना झाली. गीतं झाली. खूप दिवसांनी दामूचं पूर्ण नाव देवळात घेतलं गेलं, आणि लोकांना बरं वाटलं. हंसाला भेटताना आता काय म्हणायचं हे त्यांना माहीत होतं. एकेक जण येऊन ते म्हणून गेला.

दुपारी वस्तीतल्या बायका बांगड्या वाढवायला तिच्या घरी आल्या. बायडी सगळ्यांच्या मागे उभी होती. हंसा न्हाणीत होती. ती बाहेर आली तेव्हा हात मनगटापर्यंत साबणाने बरबटलेले होते, लाल झाले होते, एका ठिकाणी सोलले होते. बांगड्या तिने एकेक करून, न मोडता, काढल्या होत्या. एकही वाढू दिली नव्हती. त्या ओट्यावर ओळीने ठेवल्या होत्या, आणि बायका त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या, कारण अख्ख्या बांगड्यांपुढे काय म्हणायचं असतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

दामूला पोहता येत नव्हतं.